एकवीस सभासद, बेचाळीस हात

नगरसभेचा कारभार कोण चालवतं असं शहरात कुणाला विचारलं असतं, तर कुणी अध्यक्षांकडे बोट दाखवलं असतं, कुणी सचिवांकडे, आणि एखाद्या आतल्या गोटातल्या माणसाने इकडेतिकडे बघून अध्यक्षांच्या मेहुण्याकडे. तिघंही चुकले असते. तीस वर्षं कारभार चालवत होते ते कँटीनवाले मामा, आणि हे मामा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं होतं. सभागृहात एकवीस खुर्च्या, अर्धवर्तुळात मांडलेल्या. टेबल एकच, तेही अध्यक्षांपुढे, आणि त्यावर फायलींची अशी चळत की घंटासुद्धा तिरकी ठेवावी लागे. बाकीच्यांना टेबल नाही. कप खाली ठेवावा तर खाली गालिचा. त्या गालिच्यावर फार पूर्वी कुणाचा तरी चहा सांडला होता, आणि तो डाग इतका ऐसपैस पसरला होता की नव्या माणसाला ती नक्षीच वाटे. तेव्हापासून नियम होता, गालिच्यावर काही ठेवायचं नाही. मतदान हात वर करून. ज्याचा हात वर तो बाजूने, ज्याचा खाली तो विरुद्ध. मधलं काही नाही.

आणि चार वाजेपर्यंत एकही ठराव मताला पडत नसे, कारण चहा येईपर्यंत बोलत राहायचं असतं अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती.

आता बघा हं. चार वाजता मामा ट्रे घेऊन आत जात. त्यांनी नुसती प्लेट दिली, तर सभासदाच्या डाव्या हातात प्लेट आणि उजव्या हातात बटाट्याचं गरम कटलेट. अध्यक्ष म्हणत, "ठराव मताला टाकतो," की कटलेटसकट हात वर. सचिव खाली मान घालून कटलेटं मोजत, आणि ठराव मंजूर. पण मामांनी प्लेटीबरोबर कपही हातात दिला, की माणूस दोन्ही हातांनी अडकला. एकदा एका उत्साही सभासदाने भरल्या कपासकट हात उंचावला होता. तो चहा पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांच्या टकलावर असा काही उतरला, की ते तडक उठून दुसऱ्या पक्षात गेले. त्यानंतर तसलं धाडस कुणी केलं नाही. नुसती प्लेट म्हणजे मंजूर, प्लेट आणि कप म्हणजे नामंजूर.

सभागृह आणि कँटीन यांच्यामध्ये झडपेची एक खिडकी होती. मामा तळता तळता एक कान त्या झडपेला लावून ठेवत आणि ठराव ऐकून कप भरायचे की नाही ते ठरवत. शाळेपुढचं झाड तोडायचा ठराव आला, कप भरले. पुलावर दिवे लावायचे होते, नुसती प्लेट. एका अध्यक्षांना आपल्या वारलेल्या कुत्र्याचा पुतळा चौकात बसवायचा होता; त्या दिवशी मामांनी कप तर दिलेच, वर बशीत बिस्किटंही ठेवली, उगाच धोका नको म्हणून. सत्तेचा गैरवापर त्यांनी एकदाच केला. नगरसभेच्या दारात दुसऱ्या चहावाल्याला परवानगी द्यायचा ठराव होता, तेव्हा. पण तेवढं तर कुणीही केलं असतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शहरात भिंगबाई उगवल्या.

बाईंचं चष्म्याचं दुकान होतं. एकदा किराणा दुकानाच्या रांगेत उभ्या असताना त्यांनी पर्समधलं भिंग काढलं आणि बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचली. मोठ्याने वाचली. रांग ऐकत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी रांग आपापले पुडे घेऊन बाईंच्या दुकानात आली. महिनाभरात बाईंनी विकलेली भिंगं चष्म्यांपेक्षा जास्त झाली, आणि लोक रस्त्याने जाताना एकमेकांच्या पिशव्यांकडे असे बघायला लागले जसे पूर्वी एकमेकांच्या बायकांकडे बघत.

मग निवडणूक आली. भर चौकातल्या सभेत बाईंनी तेव्हाच्या अध्यक्षांना त्यांच्याच आवडत्या बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाल्या, "साहेब, मागचं तेवढं वाचून दाखवा." साहेबांनी चष्मा लावला. मैदा वाचला, साखर वाचली, तिसऱ्या शब्दाशी त्यांची गाडी अडली. त्या शब्दाला चौदा अक्षरं होती आणि पुढे एक आकडा. साहेब चार वेळा मागे गेले, चार वेळा धावत आले, पण तो शब्द काही ओलांडता येईना.

बाईंनी तो शब्द एका दमात वाचला आणि माइकवर म्हणाल्या, "जे रोज खातात ते वाचता येत नाही, आणि हे म्हणे शहराचा अर्थसंकल्प वाचतात!"

संपलं. बाकीच्या पक्षांनी मग धावपळ केली. कुणी पोस्टरवर उमेदवाराच्या कमरेचं माप छापलं, कुणी हात जोडणं सोडून मतदारांसमोर जिने चढून दाखवले. साहेब स्वतः हातात गाजर घेऊन फिरले, पण एका सभेत भाषणाच्या भरात ते गाजर माइक समजून बोलले आणि माइक चावला. निकाल लागला तेव्हा एकवीसपैकी सोळा जागा भिंगवाल्यांच्या. बाई अध्यक्ष झाल्या. साहेबांना त्या दिवसापासून सगळे 'माजी' म्हणायला लागले, आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत चार जणांचा विरोधी पक्ष घेऊन बसले.

पहिल्याच दिवशी बाई झडपेतून डोकावल्या.

"मामा, सभागृहात यापुढे तळण नाही, चहा नाही. काकडी घातलेलं कोमट पाणी. उंच ग्लासात."

"बरं बाई."

"आणि ते सजगपणे प्यायचं आहे. दोन्ही तळव्यांत ग्लास धरायचा, ऊब जाणवू द्यायची, डोळे मिटायचे, आणि चाळीस घोट. ग्लास मध्येच सोडायचा नाही. बैठक सुरू झाली की पहिला, मग संपेल तसा दुसरा."

मामांच्या हातातला झारा हवेतच राहिला. "दोन्ही तळव्यांत?"

"दोन्ही. का? काही अडचण?"

"छे, मला कसली अडचण," मामा म्हणाले.

त्यांनी खरोखर काहीच केलं नाही. तीन महिने ते फक्त ग्लास नेऊन देत होते, आणि त्या तीन महिन्यांत नगरसभेत एकही ठराव मंजूर झाला नाही. बाई ठराव मांडत, मताला टाकत, डोळे उघडून बघत, तर सगळे ग्लास घट्ट धरून ध्यानस्थ. सचिव लिहीत: बाजूने शून्य. एका दिवंगत सभासदाच्या दुखवट्याचा ठरावसुद्धा फेटाळला गेला, तेव्हा त्यांचा मुलगा सचिवांकडे येऊन विचारून गेला, "बाबांचं नक्की कुणाशी बिनसलं होतं?"

बाई आपल्या पंधरा जणांना फैलावर घेत. "माझ्याच पक्षाचे तुम्ही! हात का वर केले नाहीत?"

"ताई, आम्ही मनातून वर केले होते," ते म्हणत, आणि ते खरंही होतं.

बाईंचा संशय माजींवर. माजी आपले कोपऱ्यात ग्लास धरून बसलेले. आपण नेमकं काय केलं हे त्यांनाही कळत नव्हतं, पण श्रेय ते घेत होते.

मामा मात्र सुखात होते. सभागृहात तळण बंद असलं तरी बाहेर व्हरांड्यात कारकून, टपालवाले आणि दाखल्यांसाठी ताटकळणारे लोक कटलेट खातच होते. भिंग पक्षाचे दोन सभासदसुद्धा मागच्या दाराने येऊन, भिंतीकडे तोंड करून, सजगपणे कटलेट खाऊन जात. कँटीन बंद करून तिथे बटण दाबलं की कोमट पाणी देणारं यंत्र बसवायचं, असा ठराव बाईंनी तीनदा आणला. तिन्ही वेळा बेचाळीस हातांनी ग्लास धरलेले होते. मामा झडपेआड शीळ घालत.

पण माणसाच्या सुखाला घरातूनच कीड लागते. मामांच्या घरात सासूबाई होत्या.

सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, उंची साडेचार फूट, आणि पक्षाचा सभासद क्रमांक सात. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं. त्यांनी एकदा जावयाच्या दाढीच्या साबणाची मागची बाजू वाचली होती, आणि मामा तेव्हापासून दाढी ठेवून होते. पण सासूबाई पक्षात गेल्या त्या साबणासाठी किंवा बिस्किटासाठी नव्हे, तर पाण्यासाठी. मामांची गल्ली शहराच्या खालच्या अंगाला. जमिनीखालचा नळ जुना, गंजलेला. तीन वर्षं तोटीतून येणारं पाणी विटकरी रंगाचं. आधी फडक्याने गाळायचं, मग उकळायचं, मग निवळायला ठेवायचं, आणि तरी भांड्याच्या बुडाशी बोटभर गाळ. सासूबाई दर सोमवारी त्या पाण्याची बाटली भरून तारखेची चिठ्ठी चिकटवून ठेवत. एकशे सव्वीस बाटल्या झाल्या होत्या. नवा नळ टाकायला वरून मंजुरी आली होती, पाइप रस्त्याकडेला येऊन पडले होते, अडलं होतं ते फक्त नगरसभेच्या होकारावर. आणि मंजुरीची मुदत येत्या मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता संपत होती.

आदल्या दिवशी दुपारी सासूबाई पक्षाच्या बैठकीहून आल्या त्या उड्या मारतच.

"जावईबापू, रागावणार नसाल तर एक सांगते."

"आई, तुम्ही असं म्हणालात की मला आधीच राग येतो. बोला."

"उद्या नळाचा ठराव आहे. पण बाईंनी या वेळी युक्ती केलीय. सुटे सुटे ठराव पडतात ना, म्हणून सगळं एकात बांधलंय. शुद्धता ठराव. कलम एक, खालच्या गल्लीचा नळ. कलम दोन, तुमचं कँटीन बंद. मंजूर झालं तर दोन्ही, नाहीतर दोन्ही नाही."

"ही युक्ती बाईंची?"

सासूबाईंनी भिंग पुसायला घेतलं. "सुचवली मी. नळाला कुणी नाही म्हणू शकणार नाही, म्हणून त्याच्या मागे कँटीनही निघून जाईल. तुमच्या तब्येतीलाही बरंच आहे हो. तिसावं वर्ष चाललंय तुमचं त्या तेलाच्या धुरात."

"त्या धुरावरच तुमच्या लेकीचा संसार चाललाय, आई."

"म्हणून तर म्हटलं, रागावू नका."

मामा स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळत होती. त्यांनी दार लोटलं, आणि तीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बायकोला सांगून टाकलं. कप, प्लेट, कटलेट, टक्कल, कुत्र्याचा पुतळा, सगळं. बायकोने हात न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही राज्य करत होतात," ती म्हणाली, "आणि मला वाटायचं तुम्हाला उशीर होतो तो भांडी घासण्यात."

"थट्टा करू नकोस गं. उद्याचं बोल."

"उद्या तुम्ही नेहमीसारखे ग्लास दिलेत तर?"

"ठराव पडेल. कँटीन वाचेल."

"आणि नळ?"

बायकोने फडकं सोडून पिळलं. त्यातून जे निघालं त्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

"काही करायचंच नाहीये ना तुम्हाला," ती म्हणाली. "नुसतं उभं राहायचं. सोपं आहे की."

"तेच तर म्हणतोय मी. सोपं आहे."

"मग तोंड असं का केलंय?"

मंगळवारी सभागृह गच्च भरलं. मागच्या बाकांवर खालची गल्ली येऊन बसली, आणि पहिल्या बाकावर मधोमध सासूबाई, मांडीवर शेवटच्या सोमवारची बाटली, शेजारी लेक. बैठक सुरू होताच मामांनी एकवीस ग्लास दिले. बाई नळावर बोलल्या, कँटीनवर त्याहून जास्त बोलल्या. मग एक सभासद घास बत्तीसदा चावायचा की चाळीसदा यावर बोलायला उठला, आणि त्यात एक तास गेला, कारण प्रत्येकाचं दातांविषयी काही ना काही म्हणणं होतं. माजींनी मुद्दाम विचारलं, "कवळी असेल तर सूट आहे का?" त्यावर उपसमिती नेमायची असं ठरलं. ती नेमण्याचा ठराव पडला. मामांनी दुसऱ्यांदा ग्लास भरले. साडेचार झाले, पावणेपाच झाले.

"शुद्धता ठराव मताला टाकते," बाई अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकला होता. "बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

एकवीस जोडी तळवे, एकवीस ग्लास, मिटलेले डोळे. कुणीतरी सत्ताविसावा घोट घेतल्याचा आवाज आला.

"अहो, हात!" बाई म्हणाल्या.

हात जागचे हलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात पाचाला सहा मिनिटं होती. सचिवांनी शून्य लिहायला पेन टेकवलं. मामा झडपेपाशी उभे होते, रिकामा ट्रे काखेत मारून. काही करायचंच नव्हतं. सहा मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं.

पहिल्या बाकावर सासूबाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. कुणाला दाखवायला नव्हे. म्हातारीला आपलं वाटलं असावं, एवढ्या वेळात गाळ खाली बसला असेल, तर बघावं. बसला नव्हता. त्यांनी बाटली परत मांडीवर ठेवली आणि पदराने वरून पुसली, जशी एखादी शहाणी बाई दुसऱ्याच्या घरी जाताना आपल्या नातवंडाचं तोंड पुसते.

"आयला," मामा स्वतःशीच म्हणाले, आणि सभागृहात शिरले.

पहिल्या सभासदापुढे वाकून ते हळूच म्हणाले, "साहेब, निवलंय हे. द्या, गरम करून आणतो."

"पण ताई म्हणाल्यात मध्येच सोडायचा..."

"गार पाण्यात कसली आलीय ऊब? सजगपणा वाया जाईल तुमचा. द्या."

ग्लास सुटला. मग दुसरा, तिसरा. ट्रे भरला तसे मामांनी उरलंसुरलं पाणी ट्रेतच ओतून ग्लास एकात एक घालायला सुरुवात केली. "निवलंय ताई, द्या. निवलंय हो. दादा, डोळे उघडू नका, नुसते हात सोडा." चौदाव्या ग्लासाशी पाचाला तीन मिनिटं होती. माजी मात्र ग्लास सोडेनात. त्यांनी मामांकडे रोखून पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि तीस वर्षांचं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढून भरभर सरकून गेलं.

"मामा," ते कुजबुजले, "माझ्या कुत्र्याचा पुतळा!"

"साहेब, त्याचं नंतर बोलू. ग्लास द्या."

माजींनी ग्लास दिला. रिकाम्या हातांना माणसाच्या चटकन सवय लागत नाही. वीस सभासद आपापल्या तळव्यांकडे बघत बसले, जणू कुणीतरी नवीनच बसवून दिले होते. बाईंचाही ग्लास मामांनी उचलला.

"बाई, परत एकदा विचारा," ते म्हणाले.

बाईंनी विचारलं. सोळा हात एकदम वर गेले, मागोमाग विरोधकांचे चार, कारण सगळे करतात ते आपण न करणं बरं दिसत नाही; आणि शेवटी माजींचा. सचिवांना मोजायची सवय राहिली नव्हती, त्यांनी दोनदा मोजलं. एकवीस. पाचाचे टोले पडायच्या आत सही झाली. खालची गल्ली बाकांवर उभी राहून ओरडू लागली, सासूबाई लेकीच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मामा एकवीस ग्लासांचा मनोरा छातीशी धरून, कँटीनवाले नसलेले मामा म्हणून, दाराबाहेर आले.

नळ वीस दिवसांत बसला. पाणी इतकं स्वच्छ आलं, की पहिल्या दिवशी शेजारणींना भांड्यात काहीच नाही असं वाटून त्या तक्रार करायला निघाल्या होत्या. मामा घरी बसले. सासूबाई त्यांना दिवसातून तीनदा नव्या पाण्याचा पेला आणून देत, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडून न बोलताच परत जात.

"बोला ना आई," मामा शेवटी म्हणाले.

"काही नाही हो. तुम्ही तेव्हा ते ग्लास गरम करून आणणार होतात, ते आणलेच नाहीत. माणसं वाट बघत होती."

मामांनी म्हातारीकडे नीट पाहिलं. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, हे त्या भिंगाआडच्या डोळ्यांत वाचता येईना.

तिकडे नगरसभेत गंमत झाली. कँटीनऐवजी यंत्र बसलं, आणि ते व्हरांड्यात असल्याने सभासद बाहेरच पाणी पिऊन आत येऊ लागले. बेचाळीस हात मोकळे. पहिल्याच बैठकीत चोपन्न ठराव मंजूर झाले. बागेतली बाकं काढा, लोक बसतात, मंजूर. नगरसभेची लिफ्ट सम तारखांना बंद, मंजूर. न्हाव्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला केस कापताना पालेभाजीची माहिती द्यावी, मंजूर. माजींनी चिडून मांडलं, की दुपारचं जेवण लवकर व्हावं म्हणून शहराची सगळी घड्याळं दोन तास पुढे करावीत, तेही मंजूर. दुसऱ्या दिवशी ती मागे घ्यायचा ठराव मंजूर झाला, आणि त्याच बैठकीत परत पुढे करायचाही. शहरात तीन दिवस नक्की किती वाजलेत ते कुणालाच सांगता येईना, आणि गाडी पकडायला निघालेली माणसं ती कालच सुटल्याचं ऐकून परत येत. कुत्र्याचा पुतळाही मंजूर झाला. तो चौकात बसलासुद्धा, ओठांवर जीभ फिरवत असलेला.

चौथ्या आठवड्यात, दुपारी, भिंगबाई मामांच्या दारात उभ्या राहिल्या. एकट्या. काखेत इतिवृत्तांच्या तीन जाडजूड वह्या.

"बसा बाई," मामांची बायको म्हणाली.

"बसत नाही. मामा, आपले सचिव फार टापटिपीचे आहेत. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक ठरावाच्या समासात, बारीक अक्षरांत, त्या दिवशी काय खायला होतं ते लिहून ठेवलंय." बाईंनी वही उघडली आणि भिंग काढलं. "कटलेट, मंजूर. कटलेट, मंजूर. कटलेट आणि चहा, नामंजूर. कटलेट, चहा आणि बिस्किटं, कुत्र्याचा पुतळा, नामंजूर. तीन रात्री झोप नाही मला. एकदाही चुकलेलं नाही. तीस वर्षं, मामा! एकदाही निवडून न येता!"

"मी काय केलं बाई? मी आपला चहा दिला."

"आणि तो शेवटचा मंगळवार? तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातांनी स्वतःचं..." बाई थांबल्या. त्यांनी वही मिटली आणि न बसण्याचं ठरवलं होतं तरी बसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "येत्या मंगळवारी एक ठराव आहे. माझ्याच पक्षाच्या लोकांचा. मतदानाच्या दिवशी दारात वजनकाटा ठेवायचा. ज्याचं वजन ठरल्यापेक्षा जास्त, त्याने आधी मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या, मगच मत."

"आणि जास्त असेल आणि फेऱ्या झेपत नसतील?" मामांच्या बायकोने विचारलं.

"तर मत नाही."

"अगं बाई. म्हणजे माझं गेलंच."

"माझंही," बाई म्हणाल्या. "पण मी विरोध केला तर माझा पक्ष म्हणेल, ताई तेलकट झाल्या. मी तोंड उघडू शकत नाही, मामा. हे लोक आता कशालाही हात वर करतात. परवा सचिवांनी आळस दिला, तो बाजूने मोजला गेला."

मामांनी दाढीवरून हात फिरवला.

"मी सकाळीच यंत्राची वायर काढून ठेवलीय," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "बिघडलंय असं सांगेन. कँटीनची किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही मंगळवारी या. कप आणा. आणि प्लेट आणा."

"प्लेटीत काय?"

"काहीही. उकडलेलं कडधान्य, काकडी..."

"बाई, काकडी माणूस दोन घासांत संपवतो, आणि हात मोकळा. कडधान्याची प्लेट तर तो शेजाऱ्याला देऊन टाकतो. हातात धरून ठेवावंसं वाटेल असं काहीतरी लागतं."

बाईंनी भिंग पर्समध्ये ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. ज्या बाईने चौदा अक्षरी शब्द भर चौकात एका दमात वाचला होता, तिच्या तोंडून चार अक्षरं बाहेर पडेनात.

"कटलेट," त्या शेवटी म्हणाल्या.

"वाफवलेलं?"

"मामा, आता अंत पाहू नका."

"नाही, विचारून घेतलेलं बरं. पक्षाचं धोरण असतं."

"तळलेलं," भिंगबाई म्हणाल्या. "चांगलं खरपूस. पण पक्षाला कळता कामा नये."

"कळलंय पक्षाला," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तेल कुठलं ते मी बघून घेईन. बटाटे किती किलो उकडायचे तेवढं सांगा."